रॉटरडॅमला दोन वाजले, नाशिकला किती? देशोदेशीच्या वेळा जुळवण्याची रीत

पिंपळगाव, निफाड, दिंडोरीच्या पट्ट्यातून द्राक्षांचे कंटेनर युरोपकडे निघतात ते साधारण जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान. नेमक्या याच हंगामात, मार्च महिन्यात, आधी अमेरिका आणि मग युरोप आपापली घड्याळं एक तास पुढे करतात. आपली घड्याळं जागची हलत नाहीत. मग ज्या खरेदीदाराशी दोन महिने रोज दुपारी दीडला बोलणं होत होतं, तो एका सोमवारी लिहितो की मी तासभर तुमची वाट पाहिली. इकडे नाशिकचा माणूस तर वेळेवर, बरोबर दीडलाच फोन घेऊन बसलेला असतो.

हे लिहितोय ते अशा नव्या लोकांसाठी. निर्यातीच्या ऑफिसात किंवा पॅकहाऊसवर नुकते लागलेले, अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून परदेशी ग्राहकांशी बोलणारे, रात्रपाळीच्या सपोर्टचं काम धरलेले, परदेशी विद्यापीठांत अर्ज करणारे, आणि ज्यांची मुलं न्यू जर्सीला किंवा सिडनीला आहेत असे आईवडीलसुद्धा. यातलं गणित शाळेतल्या बेरीज-वजाबाकीपलीकडे जात नाही. घोळ होतो तो फरकाचा आकडा पाठ केल्यामुळे. 'हॉलंड साडेचार, अमेरिका साडेदहा' असं कुणीतरी पहिल्या दिवशी सांगतं, ते डोक्यात बसतं, आणि वर्षातले काही महिने ते खरंही असतं. माझं म्हणणं असं की हा आकडा पाठ करूच नये. शहर आणि तारीख हातात घेऊन तो दर वेळी नव्याने काढावा. सवय झाली की याला चहा ओतायलाही लागणार नाही इतका कमी वेळ लागतो.

आधी शहर आणि तारीख विचारा

समोरचा म्हणाला, "सकाळी दहाला बोलू", तर पहिला प्रश्न: कुठल्या शहराच्या घड्याळाने? दुसरा प्रश्न: कुठल्या तारखेला? ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय हिशेब सुरू करू नका.

'अमेरिकेची वेळ' अशी एक वेळ नाही. न्यू यॉर्क, शिकागो, डेन्व्हर आणि लॉस एंजेलिस या चार शहरांच्या चार वेळा, प्रत्येकीत एकेक तासाचं अंतर. अलास्का आणि हवाई आणखी वेगळे. ऑस्ट्रेलियाचंही तसंच. उलट चीन एवढा अवाढव्य असूनही सगळीकडे एकच वेळ पाळतो. म्हणून देश सांगून भागत नाही, शहर लागतं.

वेळेपुढे लिहिलेल्या इंग्रजी आद्याक्षरांवर विसंबू नका. सीएसटी म्हणजे शिकागोची हिवाळी वेळ, आणि चीनची वेळसुद्धा. बीएसटी म्हणजे ब्रिटनची उन्हाळी वेळ, आणि बांगलादेशचीही. आपण ज्याला आयएसटी म्हणतो तेच अक्षर आयर्लंड आणि इस्रायलमध्येही चालतं. आणखी एक नेहमीची गोष्ट: न्यू यॉर्ककडचे लोक जुलैमध्येही सवयीने ईएसटी (त्यांची हिवाळी वेळ) लिहितात, खरं तर तेव्हा तिकडे ईडीटी (उन्हाळी वेळ) चालू असते. त्यांच्या मनात 'आमच्या भिंतीवरच्या घड्याळात जी वेळ असेल ती' एवढंच असतं. अशा वेळी नम्रपणे विचारावं, "म्हणजे न्यू यॉर्कच्या घड्याळाने दहा ना?" कुणालाही याचा राग येत नाही.

मधला थांबा: यूटीसी

दौंडकडे जाताना मनमाडला गाडी बदलावी, तसं एका शहराच्या वेळेतून दुसऱ्या शहराच्या वेळेत जाताना मध्ये यूटीसीला उतरायचं. यूटीसी ही जगभरच्या घड्याळांची शून्य वेळ. ती उन्हाळ्यात बदलत नाही, हिवाळ्यात बदलत नाही. ग्रिनिचच्या रेखावृत्ताला शून्य मानायचं हे १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ठरलं आणि आजची पद्धत त्याच पायावर उभी आहे.

आपली भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, वर्षभर. ती ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून धरली आहे, जे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. १ जानेवारी १९०६ पासून ही वेळ लागू झाली. मुंबईत मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं वेगळी 'मुंबई वेळ' चालत होती, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. नाशिक साधारण ७३.८ अंशांवर आहे, त्यामुळे इथला सूर्य प्रमाणवेळेच्या सरासरी पस्तीस मिनिटं मागे असतो. गोदाघाटावर सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात साडेबारा वाजून गेलेले असतात ते म्हणून. घड्याळातली वेळ ही सरकारांनी ठरवलेली गोष्ट आहे हे एकदा लक्षात आलं, की समर टाइमचंही, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याचंही, नवल वाटत नाही.

कामाला लागणाऱ्या शहरांचे आकडे खाली दिले आहेत. जिथे दोन आहेत तिथे पहिला हिवाळ्याचा, दुसरा उन्हाळ्याचा, आणि तो हिवाळा-उन्हाळा त्या त्या शहराचा.

नाशिक: +५:३०
लंडन: ० किंवा +१
रॉटरडॅम, हॅम्बुर्ग: +१ किंवा +२
न्यू यॉर्क, न्यू जर्सी: −५ किंवा −४
शिकागो: −६ किंवा −५
कॅलिफोर्निया: −८ किंवा −७
सिडनी, मेलबर्न: +१० किंवा +११
ऑकलंड: +१२ किंवा +१३
रियाध: +३, दुबई: +४, ढाका: +६, सिंगापूर: +८ (बदल नाही)

आता रीत. समोरच्याच्या वेळेतून त्याचा आकडा वजा करा, म्हणजे यूटीसी येईल. त्यात साडेपाच मिळवा, म्हणजे नाशिकची वेळ. उलट जायचं असेल तर नाशिकच्या वेळेतून साडेपाच वजा करा आणि समोरच्याचा आकडा मिळवा.

रॉटरडॅमचा खरेदीदार म्हणतो, २ एप्रिल २०२६, सकाळी ११. एप्रिलमध्ये तिकडे +२. अकरातून दोन गेले, नऊ यूटीसी. नऊ अधिक साडेपाच, दुपारचे अडीच. झालं.

न्यू जर्सीचा आकडा उणे आहे, तिथे सावकाश. १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७, म्हणजे १९:००. उणे पाच वजा करायचे म्हणजे पाच मिळवायचे: २४:००, म्हणजेच १३ फेब्रुवारीचे ००:०० यूटीसी. त्यात साडेपाच मिळवले की १३ फेब्रुवारीची पहाट, ५:३०.

या उदाहरणातली खरी मेख तारखेत आहे. तास बरोबर काढून दिवस चुकवणारे मी पुष्कळ पाहिलेत. म्हणून हिशेब करताना नुसता तास कधीच लिहू नका. तारीख आणि तास जोडीनेच लिहा, आणि चोवीस तासांच्या घड्याळात लिहा. रेल्वेचं वेळापत्रक वाचणाऱ्याला १९:०० नवीन नाही. मध्यरात्र ओलांडली की तारीख बदलली का, हा ताळा प्रत्येक वेळी करा. अमेरिकेकडे जाताना बरेचदा एक दिवस मागे जावं लागतं: नाशिकला २० जुलैची सकाळ, ८:००. साडेपाच वजा, २:३० यूटीसी. कॅलिफोर्नियाचा उन्हाळी −७ धरला की १९ जुलैची संध्याकाळ, १९:३०. मुलीचा वाढदिवस २० तारखेला असेल तर तुमच्या सकाळी तिच्याकडे तो अजून उजाडलेलाच नसतो.

पटकन पडताळ्यासाठी दोन युक्त्या आहेत. काट्यांचं घड्याळ उलटं धरलं, बारा खाली आणि सहा वर, की लंडनची हिवाळी वेळ दिसते: आपले तीन वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेनऊ दिसतात. हे फक्त लंडन शून्यावर असताना, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते मार्चअखेर. दुसरी युक्ती न्यू यॉर्कची: सकाळची संध्याकाळ करा, संध्याकाळची सकाळ, आणि हिवाळ्यात दीड तास, उन्हाळ्यात अडीच तास मिळवा. आपले रात्रीचे आठ, म्हणून सकाळचे आठ, अधिक दीड, साडेनऊ. या युक्त्या उत्तर ताडून बघायला ठेवा. ग्राहकाला वेळ कळवण्याआधी मात्र यूटीसीवरून एकदा काढाच.

घड्याळं पुढेमागे का आणि केव्हा

नाशिकचा सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकराच्या आसपास. ॲमस्टरडॅमला हाच फरक पावणेसतरा तास आणि पावणेआठ तास इतका. तिकडे जूनमध्ये घड्याळ न हलवलं तर सूर्य लोक झोपेत असतानाच उगवून बसतो. म्हणून घड्याळ तासभर पुढे करून तो उजेड संध्याकाळी वापरायचा, ही मूळ कल्पना. देशपातळीवर ती पहिल्यांदा जर्मनीने ३० एप्रिल १९१६ ला अमलात आणली, पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवायला. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, घड्याळं एक तास पुढे होती. विषुववृत्ताच्या जवळ दिवस-रात्रीत एवढा फरक पडत नसल्याने आपल्याला याचा उपयोग फारसा नाही.

नियम पाठ करायचेच असतील तर हे चार करा.

युरोप आणि ब्रिटन: मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. सगळीकडे एकाच क्षणी, यूटीसी ०१:०० ला, म्हणजे आपल्या रविवारी सकाळी साडेसहाला. २०२६ मध्ये २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर, २०२७ मध्ये २८ मार्च आणि ३१ ऑक्टोबर.

अमेरिका आणि कॅनडाचा बहुतेक भाग: मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. तिथे प्रत्येक पट्टा आपापल्या पहाटे दोनला बदलतो. २०२६ मध्ये ८ मार्च आणि १ नोव्हेंबर, २०२७ मध्ये १४ मार्च आणि ७ नोव्हेंबर. ॲरिझोना राज्याचा बहुतेक भाग आणि हवाई घड्याळ बदलतच नाहीत.

ऑस्ट्रेलियाचा आग्नेय भाग, म्हणजे सिडनी, मेलबर्न, कॅनबेरा, होबार्ट, आणि त्यांच्याबरोबर ॲडलेडसुद्धा: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. ब्रिस्बेन, पर्थ आणि डार्विन बदलत नाहीत. पोरगा सिडनीहून ब्रिस्बेनला राहायला गेला तर जानेवारीत त्याच्याशी बोलायची वेळ बदलते, हे ध्यानात असू द्या.

न्यूझीलंड: सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे.

पश्चिमेकडचे लोक घड्याळ पुढे करतात तेव्हा ते आपल्या जवळ येतात: रॉटरडॅम साडेचारवरून साडेतीनवर, न्यू यॉर्क साडेदहावरून साडेनऊवर. पूर्वेकडचे पुढे करतात तेव्हा आपल्यापासून लांब जातात: सिडनी साडेचारवरून साडेपाचवर. एवढी दिशा पक्की असेल तर उलटा तास धरण्याची चूक होत नाही.

मार्चमधले ते आठवडे

आता मूळ दुखणं. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी सरकते, युरोप शेवटच्या. मधले दोन किंवा तीन आठवडे अमेरिका उन्हाळ्यात आणि युरोप हिवाळ्यात असतो. २०२६ मध्ये हा काळ ८ ते २९ मार्च, तीन आठवडे. २०२७ मध्ये १४ ते २८, दोन आठवडे. शरदात उलटं, पण नेमका एकच आठवडा: युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो आणि अमेरिका पुढच्या. या काळात लंडन आणि न्यू यॉर्कमधला नेहमीचा पाच तासांचा फरक चार होतो. आणि मार्चमधला हाच काळ द्राक्षाच्या ऑफिसात सर्वांत धावपळीचा.

समजा, दर मंगळवारी तिघांचा कॉल आहे: नाशिकचा निर्यातदार, रॉटरडॅमचा आयातदार, न्यू जर्सीतला त्यांचा भागीदार. ३ मार्च २०२६ ला तो नाशिकच्या संध्याकाळी साडेसहाला, रॉटरडॅमच्या दुपारी दोनला, न्यू जर्सीच्या सकाळी आठला होतो. पुढे काय होईल हे एकाच गोष्टीवर ठरतं: कॉल कुणाच्या घड्याळाला बांधला आहे.

नाशिकच्या घड्याळाला बांधला असेल, तर आपले साडेसहा कायम. १० मार्चला रॉटरडॅमला दोनच वाजतील, न्यू जर्सीला मात्र नऊ. ३१ मार्चला रॉटरडॅमला तीन, न्यू जर्सीला नऊ.

रॉटरडॅमला बांधला असेल, तर त्यांचे दोन कायम. १० मार्चला आपल्याला साडेसहाच, न्यू जर्सीला नऊ. ३१ मार्चला आपल्याला साडेपाच आणि न्यू जर्सीला पुन्हा आठ.

न्यू जर्सीला बांधला असेल, तर १० मार्चलाच आपल्याला साडेपाच आणि रॉटरडॅमला एक. ३१ मार्चला आपल्याला साडेपाच, रॉटरडॅमला पुन्हा दोन.

एकच कॉल, तीन वेगवेगळ्या तऱ्हा, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. कॅलेंडरमध्ये कॉल ज्याने टाकला, सहसा त्याच्याच शहराला तो बांधला जातो. म्हणून फेब्रुवारी संपायच्या आत प्रत्येक कायमच्या कॉलबद्दल एक ओळ लिहून विचारून घ्या: मार्चमध्ये घड्याळं बदलल्यावर कुणाची वेळ कायम ठेवायची? मला विचाराल तर ज्याच्याकडे मालाचा निर्णय आहे त्याची वेळ कायम ठेवावी आणि आपण सरकावं. आपल्याकडे संध्याकाळचा तास पुढेमागे करणं पॅकहाऊसला जमतं. समोरच्याची सकाळची लिलावाची किंवा गोदामाची वेळ त्याच्या हातात नसते.

मोबाइलमधलं 'वर्ल्ड क्लॉक' इथे फसवतं. ते आत्ताची वेळ दाखवतं. २० मार्चला बसून ३१ मार्चचा कॉल ठरवताना त्यावर रॉटरडॅमचा साडेचारचा फरक दिसेल, आणि ३१ ला तो साडेतीन झालेला असेल. पुढच्या तारखेचा हिशेब नेहमी त्या तारखेला धरूनच करावा. सोपा मार्ग म्हणजे कॅलेंडरमध्ये त्या तारखेवर नोंद करून, टाइम झोनमध्ये 'ॲमस्टरडॅम' (रॉटरडॅमची वेळ तीच) निवडून, त्यांची वेळ टाकायची. आपल्या पानावर ती नाशिकच्या वेळेत आपोआप उतरते. गुगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये दुसरा टाइम झोन लावण्याचीही सोय आहे. दोन रकाने शेजारी शेजारी दिसतात. झोन निवडताना शहराचं नाव असलेलाच निवडा. '+१' असा नुसता आकडा निवडला तर उन्हाळ्यातला बदल त्याला कळणार नाही. आपल्यासाठी यादीत नाशिक सापडत नाही. कोलकाता निवडायचं, भारतभर तेच चालतं.

हे बदलाचे रविवार वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, आणि प्रत्येकाच्या आधीच्या गुरुवारी एक आठवण लावा. शुक्रवारी समोरच्याला पुढच्या आठवड्याच्या वेळा पाठवता येतात. रविवारी लक्षात आलं तर सोमवारची सकाळ गेलेली असते.

वेळ कळवताना

निरोप असा लिहा की वाचणाऱ्याला काहीही मनात धरावं लागू नये: "मंगळवार, ३१ मार्च २०२६. रॉटरडॅम १४:००, नाशिक १७:३०, यूटीसी १२:००." वार लिहिल्याने तारखेची चूक उघडी पडते, यूटीसी लिहिल्याने तासाची. तारखेत महिना अक्षरी लिहा. ०३/०४ हे अमेरिकेत ४ मार्च वाचलं जातं. 'शुक्रवारी रात्री बारा' असं कधी लिहू नका, कारण ते गुरुवार संपतानाचे की शुक्रवार संपतानाचे हे कुणालाच कळत नाही. २३:५९ लिहा.

सुट्टीचे वारही तपासा, कारण वेळ बरोबर आणि ऑफिस बंद असं होऊ शकतं. बांगलादेश आपल्या द्राक्षांचा मोठा ग्राहक. तिथे फक्त अर्ध्या तासाचा फरक, पण साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी. सौदीतही तशीच. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस. श्रीलंकेची वेळ आपलीच, नेपाळ पंधरा मिनिटं पुढे.

नऊ ते पाच चालणारं रॉटरडॅमचं ऑफिस आपल्याला हिवाळ्यात दुपारी दीड ते रात्री साडेनऊ मिळतं, उन्हाळ्यात साडेबारा ते साडेआठ. न्यू जर्सीचं हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातपासून, उन्हाळ्यात साडेसहापासून. सिडनीला गाठायचं तर सकाळीच: त्यांच्या उन्हाळ्यात आपल्या साडेअकराला ते घरी निघालेले असतात.

अर्ज, तिकीट आणि लक्ष्मीपूजन

अमेरिकन विद्यापीठाची मुदत १५ डिसेंबर, रात्री ११:५९, ईस्टर्न टाइम (न्यू यॉर्कची वेळ) अशी असेल, तर नाशिकला ती १६ डिसेंबरच्या सकाळी १०:२९ ला संपते. काही संशोधन परिषदा 'एओई' लिहितात; म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत, यूटीसी उणे बारा. त्या हिशेबाने १५ डिसेंबरची मुदत आपल्या १६ तारखेच्या संध्याकाळी ५:२९ पर्यंत जाते. पण जिथे फक्त तारीख दिली आहे, वेळ आणि शहर नाही, तिथे आपल्या १४ तारखेच्या रात्रीच अर्ज भरून मोकळं व्हावं.

विमानाच्या तिकिटावर निघण्याची वेळ निघणाऱ्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचणाऱ्या शहराची. फेब्रुवारीत मुंबईहून ०१:३० ला निघून ॲमस्टरडॅमला ०६:३० ला पोहोचणारं विमान पाच तासांचं दिसतं. प्रत्यक्षात तिकडचे साडेसहा म्हणजे आपले अकरा, त्यामुळे प्रवास साडेनऊ तासांचा. त्याहून महत्त्वाचं: तिकिटावर १४ तारीख आणि ०१:३० असेल तर नाशिकमधून १३ तारखेच्या संध्याकाळी निघायचं आहे. गाडीवाल्याला सांगताना "१४ च्या रात्री" म्हणू नका. "१३ तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी सहाला" असं सांगा.

दिवाळी अमेरिकेच्या बदलाच्या आगेमागे येते. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, घड्याळं मागे गेल्यानंतर. म्हणून संध्याकाळी साडेसहाच्या पूजेला न्यू जर्सीत सकाळचे आठ. दिवाळी ऑक्टोबरात पडली तर त्याच पूजेला तिकडे नऊ वाजलेले असतात.

एक्सेल, लॉगर आणि रात्रपाळी

एक्सेलमध्ये तारीख आणि वेळ एकाच रकान्यात ठेवा. एक्सेलच्या हिशेबात एक दिवस म्हणजे एक, त्यामुळे साडेचार तास वजा करायचे तर ४.५ भागिले २४ वजा करायचे. नुसती वेळ ठेवून तिच्यातून साडेदहा वजा केले आणि उत्तर शून्याखाली गेलं, तर रकान्यात हॅशच्या खुणांची रांग दिसते. फरकाचा आकडा सूत्रात टाकून पक्का करू नका. वेगळ्या रकान्यात ठेवा, म्हणजे मार्चच्या ओळींना वेगळा देता येतो.

कंटेनरमध्ये द्राक्षांबरोबर तापमान नोंदवणारा लॉगर जातो. तो आपल्या वेळेत लावलेला असतो किंवा यूटीसीत, आणि माल पोहोचल्यावर तापमानावरून वाद झाला तर पहिला प्रश्न हाच असतो. आलेखात १० फेब्रुवारीच्या २२:०० ला तापमान चढलेलं दिसलं, लॉगर यूटीसीत असेल तर ते नाशिकच्या ११ तारखेचे पहाटे साडेतीन. तेव्हा कंटेनर पॅकहाऊसवर होता, रस्त्यावर होता की न्हावाशेवाला बंदरात, यावर जबाबदारी कुणाची ते ठरतं. लॉगर चालू करतानाच तो कुठल्या वेळेत आहे ते लोडिंगच्या कागदावर लिहून ठेवा.

रात्रपाळीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. घड्याळ मागे जातं त्या पहाटे एक तास दोनदा येतो. २५ ऑक्टोबर २०२६ ला रॉटरडॅममध्ये पहाटेचे अडीच दोन वेळा वाजतील: एकदा आपल्या सकाळी सहाला, एकदा सातला. त्या दिवशी "२:३० ला तक्रार आली" ही नोंद अपुरी. यूटीसी लिहायलाच हवी. आणि २९ मार्च २०२६ ला तिथे अडीच वाजणारच नाहीत, दोनचे थेट तीन होतील. त्या वेळेला लावलेलं काम प्रणालीने केलं की गाळलं, हे सोमवारी तपासा. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी घडून गेलेल्या घटना यूटीसीत साठवाव्यात. पुढे होणाऱ्या भेटी मात्र स्थानिक वेळ आणि शहराचं नाव अशा साठवाव्यात, कारण दरम्यान कायदा बदलू शकतो.

आणि कायदे खरोखर बदलतात. रशियाने घड्याळं पुढेमागे करणं २०११ मध्ये सोडलं, तुर्कस्तानने २०१६ मध्ये, ब्राझीलने २०१९ मध्ये, मेक्सिकोच्या बहुतेक भागाने आणि इराणने २०२२ मध्ये. इजिप्तने सोडलेली पद्धत २०२३ मध्ये पुन्हा सुरू केली. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये बदल बंद करण्याच्या बाजूने मत दिलं, पण ते अजून अमलात आलेलं नाही. मोबाइल आणि संगणकाला हे नवे नियम अपडेटमधून मिळतात. पॅकहाऊसच्या कोपऱ्यातला, वर्षानुवर्षं अपडेट न केलेला संगणक कैरोची वेळ आजही चुकीची दाखवू शकतो. हंगाम सुरू होण्याआधी, डिसेंबरातच, ऑफिसातले सगळे संगणक अपडेट करून घ्या, आणि ज्या शहरांशी यंदा व्यवहार आहे त्या प्रत्येक शहराची मार्चअखेरची एक वेळ हाताने काढून कॅलेंडरशी ताडून बघा.